पाणी फुटलं, मरळ आली, मग गळाला का लागली नाही? रबरी बेडकावर हिसका मारायचं साधं गणित

इन्स्टावर मासेमारीचे व्हिडिओ बघत असाल तर हा सीन ओळखीचा असेल. जलपर्णीच्या कडेनं एक रबरी बेडूक टुणटुण उड्या मारत येतोय. बेडूक थांबतो. मागचं पाणी जरासं फुगतं आणि पुढच्या क्षणी फाडकन फुटतं. काठावरचा पोरगा जीव खाऊन रॉड मागं ओढतो. बेडूक हवेतून सुसाट येतो आणि त्याच्याच पायाशी पडतो. मासा कधीच गेलेला असतो. खाली कमेंट ठरलेली, "भावा, घाई केलीस."

कमेंट बरोबर आहे, पण अर्धीच. घाई केली म्हणजे नेमकं काय केलं? किती थांबायला हवं होतं? आणि नुसतं थांबलं की मासा लागतो का? चला, एकेक करून बघू.

बास तिकडचा, मरळ आपली

रबरी बेडकाचं हे ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, अमेरिकेत लार्जमाउथ बास नावाच्या माशासाठी गाजलं. हिसका कसा मारायचा हे शिकवणारे यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ त्याच माशाचे असतात. आपल्याकडं मात्र हा बेडूक टाकला जातो तो मरळीसाठी. मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा, अंगानं लांबट, चवीला महाग असणारा गोड्या पाण्यातला मासा. शेजारच्या तेलंगणानं तर मरळीला राज्याचा मासा म्हणून मान दिलाय.

दोन्ही माशांची सवय सारखी आहे. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरायचा आणि वरून जाणारा बेडूक, उंदीर, किडा खालून गाठायचा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात मरळीच्याच कुळातला चीनकडचा मासा सापडला आणि मोठी खळबळ उडाली. पुढं तिथल्या हौशी लोकांनी त्याला धरायला काय वापरलं? बासचाच बेडूक. त्यामुळं बासची युक्ती मरळीला चालते.

फरक एवढाच, की मरळीचा जबडा टणक असतो आणि त्याला चांगले दात असतात. बासला जो हिसका पुरतो, तो मरळीच्या हाडापर्यंत पोचेलच असं नाही.

जलपर्णीत बेडूकच का?

पुण्याहून लोणावळा लोकलनं निघालात की खडकी सुटल्यावर नदी लागते आणि मग दापोडी. ही मुळा. दापोडीतच तिला पवना येऊन मिळते. हिवाळा सरता सरता इथून खाली बघितलं तर बऱ्याचदा पाणी दिसतच नाही. नदीवर हिरवंगार मैदान अंथरल्यासारखी जलपर्णी असते. दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेली ही वनस्पती सांडपाण्यातल्या खतावर पोसली जाते. ती दाट झाली की खालच्या पाण्यातला प्राणवायू घटतो आणि बाकीच्या माशांचा जीव गुदमरतो.

मरळ अशा पाण्यातही तग धरते, कारण ती कल्ल्यांसोबत थेट हवेतूनही श्वास घेते. त्यासाठी तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास पोकळी असते. दर थोड्या वेळानं ती वर येते, हवेचा घोट घेते आणि खाली जाते. म्हणजे हा मासा पृष्ठभागावर यायला बांधलेलाच आहे. नेहमीचा गळ अशा जागी टाकला तर तो पानामुळांत अडकून बसतो. रबरी बेडूक अडकत नाही, वरूनच सरकतो. पण तो ज्या कारणानं अडकत नाही, नेमक्या त्याच कारणानं मासाही निसटतो.

बेडकाच्या पोटात काय असतं?

बेडूक हातात घेऊन उलटा करा. आतून तो पोकळ असतो. मागून दोन टोकांचा एक गळ बाहेर येतो आणि त्याची दोन्ही टोकं वर वळून पाठीला चिकटलेली असतात. टोकं अशी लपलेली असल्यामुळं ती गवतात रुतत नाहीत.

आता अंगठा आणि बोटात बेडूक दाबा. पोकळ अंग चपटं झालं आणि टोकं उघडी पडली. सगळी मेख इथं आहे. माशानं बेडूक तोंडात घेऊन जबडा मिटल्याशिवाय गळ बाहेर येतच नाही.

आता व्हिडिओतला तो क्षण आठवा. पाणी फुटतं ते मासा बेडकावर धडकतो म्हणून. त्या क्षणी त्याचं तोंड उघडं असू शकतं, बेडूक अर्धाच आत असू शकतो, किंवा मरळीनं नुसतंच पानांना डोकं मारलेलं असू शकतं. आवाज ऐकून ओढलं, तर आपण उघड्या तोंडातून बंद गळ बाहेर काढतो. मासा लागणार कसा?

शिवाय बेडूक नाचवायचा तर दोरा थोडा सैल ठेवावाच लागतो. आवाजाबरोबर मारलेल्या हिसक्याची निम्मी ताकद तो सैल दोरा ताणण्यातच जाते. म्हणजे हिसका लवकरही बसतो आणि हलकाही.

झुका, गुंडाळा, मारा

मग करायचं काय? तीन पायऱ्या लक्षात ठेवा.

पहिली, झुका. पाणी फुटलं की रॉडचं टोक बेडकाच्या दिशेनं खाली न्या. घाबरून हात वर जातोच, म्हणून हाताला दुसरं काम द्यायचं. शिवाय यामुळं माशाला बेडूक घेऊन खाली वळायला दोरा मिळतो.

दुसरी, गुंडाळा. टोक खाली असतानाच रीलचं हँडल भराभर फिरवून सैल दोरा आत घ्या. इथं डोळे विसरा आणि हाताकडं लक्ष द्या. दोऱ्यावर जिवंत वजन जाणवलं, म्हणजे बेडूक तोंडात आहे आणि जबडा मिटलाय. वजन जाणवलं नाही तर मारायचं नाही.

तिसरी, मारा. वजन लागताच रॉड वरच्या दिशेनं जोरात उचला. नुसत्या मनगटानं भागत नाही. कोपरं अंगाजवळ ठेवून कमरेपासून ताकद लावा. आणि मारल्यावर थांबू नका. हँडल फिरवत राहा, कारण मासा लगेच मुळांच्या जाळ्यात घुसायला बघतो. पहिल्या काही सेकंदांत त्याचं डोकं वर ठेवलं तर निम्मी लढाई जिंकली.

हे सगळं साधारण एक-दोन सेकंदांत होतं. म्हणून "किती थांबायचं?" याचं उत्तर घड्याळात नाही. वजन लागेपर्यंत थांबायचं, बस. कधी ते अर्ध्या सेकंदात लागतं, कधी दोन सेकंदांत. उलट फार थांबलात, तरी मासा रबर ओळखून थुंकतो नाहीतर दोरा मुळांत गुंडाळतो.

सामान बदललं की निकाल बदलतो

आपल्याकडं बरेच जण तंगूस वापरतात. नायलॉनचा हा दोरा ताणला की लांबतो. वीस मीटरवर मारलेल्या हिसक्यातली बरीच ताकद या ताणातच विरते. बेडकासाठी विणलेला दोरा, म्हणजे ब्रेड, घ्या. तो जवळपास ताणत नाही आणि देठ-मुळं कापत येतो. ५० पौंडांचा, म्हणजे साधारण २३ किलो ताकदीचा ब्रेड बहुतेक ठिकाणी पुरतो.

रॉड सात फुटांच्या आसपास, कण्यात दमदार आणि टोकाला थोडा लवचिक असावा. फारच मऊ रॉड स्वतः वाकतो आणि गळ जिथल्या तिथं राहतो. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटण्याचा ब्रेक, चांगला आवळा. हिसका मारताना दोरा सरकला तर मेहनत पाण्यात.

पाच मिनिटांची कारागिरी

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात घरोघरी कानस आणि पकड असतेच. ती इथं कामाला येते.

गळाची टोकं नखावर टेकवून हलकेच सरकवा. घसरली तर बोथट आहेत. कानशीनं दोन-चार हात मारा. मरळीच्या जबड्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं.

पकडीनं दोन्ही टोकं किंचित बाहेर आणि वर वाकवा. किंचित म्हणजे अगदी केसभर. जास्त वाकवलीत तर बेडूक प्रत्येक पानात अडकेल आणि गळही कमजोर होईल.

बेडूक कडक असेल तर काही मिनिटं गरम पाण्यात ठेवून दाबून मऊ करा. उकळत्या पाण्यात टाकू नका. मासेमारी करताना आत शिरलेलं पाणीही अधूनमधून पिळून काढा. पाणी भरलेला बेडूक नीट चपटा होत नाही आणि बुडायला लागतो.

मासा वारंवार नुसते पाय ओढून पळत असेल, तर मागच्या रबरी झालरी थोड्या कापा. दोन्ही बाजू सारख्याच कापा, नाहीतर बेडूक तिरका चालतो.

सराव घरीच करता येतो. ल्युअर काढून दोऱ्याचं टोक मित्राच्या हातात द्या आणि तुम्ही डोळे मिटा. मित्रानं कधी नुसतं टिचकी मारावी, कधी खरंच ओढावं. फक्त ओढल्यावर झुका-गुंडाळा-मारा करायचं. दहा-पंधरा वेळा केलं की हाताला फरक कळायला लागतो.

मासा चुकला तर?

बेडूक गुंडाळून आणू नका. वजन लागलं नाही म्हणून तुम्ही हिसका मारला नसेल, तर बेडूक अजून तिथंच असतो. काही सेकंद स्तब्ध ठेवा, मग जरासा हलवा. मरळ बऱ्याचदा परत येते. थांबण्याचा हा दुसरा फायदा. हिसका मारून बेडूक उडवला, की ही संधीही गेली.

उडालेला बेडूक आणखी एका कारणानं वाईट. दोन टोकांचा गळ सरळ तोंडाकडं येतो. म्हणून चष्मा घाला आणि मागं कुणी उभं नाही ना बघा. वरून विजेच्या तारा जात असतील तिथं रॉड उचलूच नका. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.

कुठं आणि कधी मारायचं नाही

दापोडीचं उदाहरण दिलं म्हणून तिथं रॉड घेऊन जाऊ नका. पवना आणि मुळा इथं पोचेपर्यंत शहराचं सांडपाणी पोटात घेऊन येतात. मरळ त्या पाण्यात जगते याचा अर्थ पाणी चांगलं आहे असा नाही. हवेवर जगणारा मासा घाण पाण्यातही टिकतो, आणि त्या पाण्यातलं बरंच काही त्याच्या अंगात उतरतं. तो खाणं धोक्याचं आहे. शिवाय आसपास लष्कराची हद्द आहे, तिथं परवानगीशिवाय शिरता येत नाही.

धरण किंवा तलावावर जाणार असाल तर ते पाणी कुणाच्या ठेक्यात आहे ते आधी विचारा. राज्यातल्या बऱ्याच जलाशयांचे मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडं असतात. त्यावर कुणाचं तरी घर चालतं.

जिवंत बेडूक गळाला लावायची जुनी पद्धत आता सोडलेलीच बरी. बेडूक पिकांवरचे किडे खातात. त्यांची बेसुमार पकड बघून भारतानं १९८७ मध्ये बेडकाच्या तंगड्यांची निर्यात थांबवली. रबरी बेडूक एकदा घेतला की अनेक दिवस चालतो आणि कुणाचा जीवही जात नाही.

शेवटची गोष्ट पावसाळ्याची. या काळात कधी पाण्यावर एकाच जागी बारीक बुडबुडे उठताना दिसतात आणि खाली लालसर पिल्लांचा थवा असतो. तो मरळीचा संसार. आईबाप पिल्लांभोवती पहारा देतात आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. तिथं बेडूक टाकला तर मासा हमखास लागतो. व्हिडिओही झकास होतो. पण पहारेकरी गेला की बाकीचे मासे ती पिल्लं खाऊन टाकतात. एका माशाच्या नादात अख्खा थवा जातो.

तेव्हा तो थवा दिसला की बेडूक गुंडाळा आणि पुढच्या कडेला जा. बाकी कुठंही पाणी फुटलं, की आधी झुका.