धर्म सोडल्याचा दंड

धर्मत्यागाची शिक्षा म्हटली की आपल्या विद्वानांना अरबस्तान आठवतो. इतके लांब जायला नको. आमच्या गुहागरहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला उतरले की गोवे लागते. तिथे १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली चारेक वर्षे सोडली तर, इन्क्विझिशनचे न्यायपीठ होते. ख्रिस्ती केलेला माणूस जुन्या चालीकडे वळला की ते त्याला धरी. १७३६ च्या हुकूमनाम्यात लग्नातल्या ओव्या आणि दारची तुळसच नव्हे, तर बिनमिठाचा भातसुद्धा गुन्हा ठरला.

इकडे शास्त्राने जाळपोळ केली नाही. वारसा काढून घेतला. धर्म किंवा जात सोडणाऱ्याचा हा बुडणारा हक्क इंग्रजांनी १८५० च्या कायद्याने वाचवला. सनातन्यांनी त्याविरुद्ध अर्जांवर अर्ज केले. पण वारसा होता कुणाला? खोताच्या जमिनीत राबणाऱ्या माझ्या पणज्याचे त्या कायद्याने काय वाचवायचे होते?

आमच्याकडे गमावण्यासारखे काही आले ते संविधानाने. आणि लगेच त्यावर अट आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो, हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा नव्हे. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी नागपूरला आम्ही बौद्ध झालो आणि बाहेर पडलो.

न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. भंडाऱ्याचे गंगाराम ठवरे महानुभाव पंथात गेले होते. राखीव जागेसाठीचा त्यांचा अर्ज त्यामुळे फेटाळला गेला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, ते महारच आहेत. डॉ. डी. पी. मेश्राम १९६२ साली नागपूरच्या राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आले. ते १९५७ साली बौद्ध झाले होते, म्हणून त्याच न्यायालयाने त्यांची निवड रद्द ठरवली. पंथ बदला, चालेल. धर्म सोडलात तर दंड भरा! गंमत अशी की हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. लग्नाला हिंदू, राखीव जागेला नाही.

महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचे दार बंदच होते. आमच्या वाडीत एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ आणि धाकट्याच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. थोरल्याला कुणी भित्रा म्हणू नये. त्याला केंद्राची नोकरी हवी होती.

१९९० साली संसदेने त्या परिच्छेदात बौद्ध घातले. ३४ वर्षांत ज्यांची नोकरीची वये निघून गेली, त्यांना मागचे काही मिळाले नाही. परिच्छेद मात्र आहे तिथेच आहे, आणि ख्रिस्ती वा मुसलमान झालेल्या दलिताला तो अजून बाहेर ठेवतो. आपला वाटा कमी होईल म्हणून त्यांना आत घेऊ नये, असे आमच्यातलेच काही बोलतात. मला ते मान्य नाही. वाटा वाढवून मागा. पण तो परिच्छेद राखायला आपण दारावर उभे राहायचे नाही.