मृगयेपासून मुदपाकखान्यापर्यंत

मृगयेचा इतिहास लिहिणारांनीं राजांच्या बाणांचा आणि बंदुकांचा हिशेब मोठ्या आवडीनें ठेविला आहे. जहांगीर बादशहानें तर वयाच्या बाराव्या वर्षापासून १६१६ सालापर्यंत आपल्यासमोर २८,५३२ जनावरें मारलीं गेलीं व त्यांपैकीं १७,१६७ आपल्या हातचीं होतीं, असा आकडाच आत्मचरित्रांत देऊन ठेविला आहे. परंतु जनावर पडल्यापासून त्याचें मांस ताटांत येईपर्यंत रानांत काय घडे, आणि तें खाणारा दुसऱ्या दिवशीं धडधाकट उठावा म्हणून कोण कसली काळजी घेई, याकडे इतिहासकारांचें लक्ष क्वचितच गेलें आहे. वास्तविक बाण चुकला तर राजा एक वेळ उपाशी राहील. मुदपाकखाना चुकला तर राजाच राहावयाचा नाहीं!

हा प्रश्न आमच्या मनांत येतो तो पडेगांवासारख्या ठिकाणीं. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथून दौलताबादेकडे निघालें कीं वाटेंत पडेगांव लागतें. तुघलखानें १३२७ सालीं दौलताबादेस राजधानी आणली, मलिक अंबरानें १६१० मध्यें खडकी वसविली, आणि १६३६ सालीं औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार झाला. या सर्वांच्या फौजांचे तळ या मुलखांत पडले. भोंवतालचें रान शिकारीस अनुकूल होतें. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगरांत १८१९ च्या एप्रिल महिन्यांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस लेणीं पडलीं, तींही वाघाच्या शिकारीच्या निमित्तानेंच.

या भूमीवर एके काळीं कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य होतें. त्यांच्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांत मृगयेचें वर्णन आहे, तसेंच अन्नाचेंही आहे. एकाच राजाच्या लेखणीनें रान आणि चूल अशीं दोन्ही टोकें जोडलीं आहेत. डुकराच्या अंगावर पांढरें वस्त्र घालून त्यावर कढत पाणी ओतावें, म्हणजे केंस हातानें सहज निघतात. नाहीं तर चिखल लिंपून गवताच्या जाळानें ते जाळावे, असें तो सांगतो. मांसाचे तुकडे करून सळईवर भाजण्याची रीतही तेथें आहे. राजाची दृष्टि रुचीवर होती हें उघड आहे. तथापि कातडीवरील घाण आधीं जावी आणि आंच तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पोंचावी, हीं दोन्ही कामें या कृतींनीं आपोआप साधतात.

आमच्या वैद्यांनीं तर हा विचार रुचीसाठीं नव्हे, प्राणासाठींच केला. आपोआप मेलेलें, फार कृश किंवा फार मेदस्वी, अति वृद्ध किंवा अगदीं कोंवळें, विषानें अथवा सर्पादिकांनीं मारलेलें, आणि आपला नेहमींचा प्रदेश सोडून वाढलेलें जनावर, यांचें मांस टाकावें, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. जहांगीरही या बाबतींत दक्ष होता. आपण खावयाचीं जनावरें व पक्षी तो आपल्यासमोर साफ करवी, त्यांचीं पोटें स्वतः न्याहाळी, आणि आंत कांहीं किळसवाणें दिसलें तर तें मांस वर्ज्य करी. हजारों जनावरें मारणाऱ्या बादशहाची ही सावधगिरी त्याच्या आंकड्यापेक्षां आम्हांस अधिक बोलकी वाटते.

या जुन्या नियमांचें मर्म आधुनिक शास्त्रानें उलगडलें. लंडनमध्यें १८३५ सालीं जेम्स पॅजेट या विद्यार्थ्यास मानवी स्नायूंत ट्रायकिना नांवाचे सूक्ष्म कृमि आढळले. पुढें १८६० मध्यें ड्रेस्डेन येथें झेंकर यानें ते डुकराच्या मांसावाटे येऊन माणसाचा जीव घेऊं शकतात हें सिद्ध केलें. रानडुकराच्या मांसांतही हे कृमि असूं शकतात. मीठ लावून वा धुरी देऊन ते मरतीलच असा भरंवसा नाहीं, गाभ्याची उष्णता ७१ अंश सेंटिग्रेडपर्यंत गेली पाहिजे. जनावर पडतांच आंतडीं न फाटूं देतां बाहेर काढावीं, मांस लौकर थंड करावें, आणि कच्चें मांस कापलेली सुरी शिजलेल्या मांसास लावूं नये, हे आजचे नियमही त्याच परंपरेंतले. दक्षिणेच्या उन्हांत तर अवघ्या कांहीं तासांत मांस विटूं लागतें. अकस्मात् मेलेलें जनावर तर उघडूंही नये. फाशी किंवा काळपुळी या रोगाचे जंतु त्यांत असूं शकतात. कॉक यानें १८७६ सालीं त्यांचें जीवनचक्र दाखवून दिलें.

येथें एक प्रश्न टाळतां येत नाहीं. मेलेल्या जनावराचें मांस घातक, हें आमच्या ग्रंथांस शतकानुशतकें ठाऊक होतें. मग गांवांत मेलेलें ढोर ओढण्याचें काम व त्याचें मांस एकाच समाजाच्या वांट्यास कां टाकलें गेलें? राजासाठीं जें विष, तें महारवाड्यासाठीं अन्न कसें ठरलें? डॉ. आंबेडकरांनीं १९-२० मार्च १९२७ च्या महाड येथील परिषदेंत मृतमांस सोडण्याचा उपदेश केला, तो स्वाभिमानाचा होता. पण वैद्यकाच्या दृष्टीनेंही तो अचूक होता. त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं याच औरंगाबादेंत महाविद्यालय काढलें. ज्ञान ग्रंथांत असून भागत नाहीं, तें सर्वांच्या ताटापर्यंत पोंचावें लागतें.

मृगयेचा काळ आतां सरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून वन्य जनावरांची शिकार गुन्हा ठरली, आणि तें योग्यच झालें. परंतु मृगयेनें शिकविलेलें शहाणपण सरलेलें नाहीं. पडेगांवांत महापालिकेचा कत्तलखाना झाला. कापण्यापूर्वीं जनावर निरोगी आहे कीं नाहीं हें पशुवैद्यानें पाहावें आणि कापल्यावर त्याचे अंतर्भाग तपासावे, असा आजचा दंडक आहे. यांतील पहिली गोष्ट चरकाची आणि दुसरी जहांगीराची! फरक एवढाच कीं, पूर्वीं हें पाहणें राजाच्या एका ताटापुरतें होतें. आतां तें बाजारांत चार पैशांचें मांस घेणाऱ्या कोणत्याही गृहस्थासाठीं व्हावयाचें आहे. तो दंडक नुसता कागदावर राहिला, तर आम्हीं राजांची शिकार तेवढी बंद केली आणि त्यांची काळजी मात्र उचलली नाहीं, असेंच म्हणावें लागेल.