पेरिफेरलांची वंशावळ

हुबळीचे भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, धारवाडचे एसडीएम १९७९ चे. देशभरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांप्रमाणे इथल्याही पिढ्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर घडल्या. त्या बोर्डावर प्रोसेसर एकटा नसे. बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या २४ तारा सांभाळायला ८२५५, वेळ मोजायला ८२५३, इंटरप्टांचा क्रम लावायला ८२५९, सिरियल संदेशाला ८२५१. प्रत्येकाची आयसी वेगळी, कारण ८०८५ मध्ये जेमतेम साडेसहा हजार ट्रान्झिस्टर होते आणि या मंडळींना आत जागाच नव्हती.

जागा झाली तशी ती आत आली. १९८० च्या ८०५१ मध्ये दोन टायमर, एक सिरियल पोर्ट आणि आठ-आठ तारांचे चार पोर्ट प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर बसले. इथून पुढची वाट सरळ दिसते, पण प्रोसेसरच्या अशा प्रत्येक सोबत्याचे, म्हणजे पेरिफेरलचे, कूळ वेगळे आहे, आणि मला त्यातच खरा रस आहे.

सिरियल संदेश सांभाळणारा यूआर्ट घ्या. अक्षर सुरू झाल्याची खूण देणारा स्टार्ट बिट आणि संपल्याची खूण देणारा स्टॉप बिट ही टेलिप्रिंटरची देणगी. यंत्रातल्या फिरत्या भागांना प्रत्येक अक्षरागणिक पुन्हा ताळ्यावर आणण्यासाठी ती युक्ती होती. १९७१ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटलने हे सगळे काम एका आयसीत आणले. १९८१ च्या आयबीएम पीसीत नॅशनल सेमिकंडक्टरची ८२५० होती, तिच्यानंतर १६४५०, मग १६ बाइटांची रांग पदरी असलेली १६५५०. किटवरची ८२५१ या घराण्यातली नव्हे. ती इंटेलची, चुलत घरातली.

आता २००५ मध्ये आलेला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा दाविंची घराण्यातला मल्टिमीडिया प्रोसेसर पाहा, डीएम६४४६. त्यात आर्म आणि डीएसपी असे दोन मेंदू, आणि भोवती पेरिफेरलांचा मोठा गोतावळा. त्यातले तीन यूआर्ट टेक्सासच्याच टीएल१६सी५५० या जुन्या आयसीवर बेतलेले आहेत. म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या चिपच्या पोटात पीसीच्या जमान्यातली रजिस्टरे जवळपास जशीच्या तशी नांदत होती. शेजारचा आय-स्क्वेअर-सी फिलिप्सने १९८२ मध्ये दूरचित्रवाणी संचातल्या आयसींना आपसात बोलता यावे म्हणून काढलेला. कॅमेऱ्याकडून येणारे चित्र घेणारा, त्याचा आकार बदलणारा, फोकस आणि प्रकाशाचे आकडे काढणारा विभाग मात्र त्या मानाने नवा.

एवढे सगळे आत घेतल्याची किंमतही होती. पिना पुरेनात. एकाच पिनेवर हार्ड डिस्कचा आणि फ्लॅश मेमरीचा हक्क आला. कोणाला कधी द्यायची ते पिनमक्सच्या रजिस्टरात लिहावे लागे. नवशिक्यांचे कित्येक दिवस तिथेच जात, प्रोसेसरच्या वेगापायी नव्हे.

माझे ठाम मत आहे की अशी चिप ओळखायची ती तिच्या पेरिफेरलांवरून. आर्मचा गाभा परवाना घेऊन कोणालाही मिळतो. पण डीएम६४४६ मध्ये पडद्याकडे जाणाऱ्या चित्रासाठी ५४ मेगाहर्ट्‌झचे चार डॅक (आकड्यांचा सिग्नल करणारी सर्किटे) आहेत, आणि डॅक हे अॅनालॉग काम. डिजिटल भाग संगणकाला वर्णन देऊन बराचसा उतरवता येतो. अॅनालॉगमध्ये ट्रान्झिस्टरची जागा, शेजाऱ्याचा गोंगाट, तापमान, सगळे माणसाला बघावे लागते. ते हात तयार व्हायला वर्षे लागतात.

असे हात हुबळीतही तयार झाले. २००५ मध्येच विवेक पवार यांनी इथे संकल्प सेमिकंडक्टर सुरू केली. ते आधी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बंगळूर केंद्रात होते, आणि कंपनीने काम निवडले ते नेमके अॅनालॉग आणि मिश्र सिग्नलच्या रचनेचे. चिपचे काम बंगळूरशिवाय होत नाही असे मानले जाण्याच्या काळात स्थानिक महाविद्यालयांतल्या मुलांना गावातच ते मिळू लागले. २०१९ मध्ये एचसीएल टेक्नॉलॉजीजने संकल्प विकत घेतली.

हुबळी-धारवाडच्या, आणि कोल्हापूर-सांगलीच्याही, प्राध्यापकांना एक विनंती. ८०८५ शिकवून थांबू नका. मुलांच्या हाती एखाद्या यूआर्टची पूर्ण पुस्तिका द्या आणि तिचे प्रत्येक रजिस्टर कुठून आले ते त्यांना शोधायला लावा.