चंद्रपूर–गडचिरोली प्रदेशातील औद्योगिक मापन

कारखान्यातील वा खाणीतील कच्चा माल, ऊर्जा, यंत्रांची गती आणि तयार माल यांचे मोजमाप करून त्याची नोंद ठेवणे व त्या नोंदीवरून कामाची प्रत ठरविणे यास औद्योगिक मापन म्हणतात. वर्धा नदीच्या खोऱ्यातील दगडी कोळसा व चुनखडक आणि पूर्वेकडील दाट वने व लोहखनिज यांमुळे चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत या मापनाचा इतिहास एकाच प्रदेशात सलगपणे पाहता येतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. प्रथम हाताने भरलेली नोंदवही, नंतर तबकड्यांचा नियंत्रण कक्ष आणि अलीकडे परस्परांशी जोडलेले संवेदक व संगणक, अशा या इतिहासाच्या अवस्था सांगता येतात; मात्र एक अवस्था संपून दुसरी सुरू झाली असे कोठेही घडले नाही. आजही एकाच कोळसा खाणीत उपग्रहाच्या साहाय्याने मागोवा घेतला जाणारा ट्रक आणि काटाघरातील कागदी पावती ही दोन्ही आढळतात.

या प्रदेशातील सर्वांत जुने व्यवस्थित मापन कारखान्यातील नव्हे, तर वनातील आहे. आलापल्लीच्या सागाचे ओंडके तोडल्यावर त्यांवर हातोड्याने खूण उमटवावयाची, लांबी व घेर मोजून यादी करावयाची आणि मग ते बल्लारशाहच्या आगारात पाठवावयाचे, ही वनखात्याची पद्धत होती. घनफळ काढताना घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्यास लांबीने गुणीत. या रीतीने येणारे घनफळ पूर्ण गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळाच्या सु. ७८·५ टक्केच भरते. ही चूक नव्हे. कापणीत वाया जाणारे लाकूड आधीच वजा धरण्याचा तो संकेत होय. विकणारा व घेणारा या दोघांनाही तो ठाऊक असल्याने त्यावरून तंटा होत नसे. मापाच्या पोटात असा एखादा करार दडलेला असतो, हे पुढील विवेचनात वारंवार दिसून येईल.

बांबूच्या बाबतीत मात्र करार इतका उघड नव्हता. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्यास लगद्यासाठी लागणारा बांबू मुख्यतः याच वनांतून मिळे. तोडणाऱ्या मजुराचा हिशेब बंडलांवर होई, वनखात्याचा धावत्या मीटरवरून कल्पिलेल्या टनावर आणि कारखान्याचा प्रत्यक्ष वजनावर. वाळत गेलेल्या बांबूचे वजन घटते, पण लांबी घटत नाही. त्यामुळे तीन वह्यांतील आकडे एकमेकांशी कधीच तंतोतंत जुळत नसत. यांपैकी मजुराच्या हाती कोणतीच वही नसे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. या घटनेची चर्चा सहसा हक्काच्या अंगाने होते. मापनाच्या इतिहासातही तिला तितकेच महत्त्व दिले पाहिजे, कारण माल किती गेला हे लिहिण्याचा अधिकार येथे प्रथमच तोडणाऱ्यांकडे आला.

कारखान्यांत पहिला मोठा पालट नियंत्रण कक्षामुळे झाला. सिमेंटच्या फिरत्या भट्टीत चुनखडक व माती यांचे मिश्रण सु. १,४५० अंश से. तापमानास भाजून त्याचे क्लिंकर होते. जुन्या भट्ट्यांवर अनुभवी भट्टीचालक निळ्या काचेतून ज्वालेकडे व भाजलेल्या मालाच्या रंगाकडे पाहून इंधन कमीजास्त करी आणि दर तासाला क्लिंकरचे एक लिटर माप भरून त्याचे वजन घेई. वजन कमी भरले, तर भाजणी कच्ची समजावयाची. १९८३ मध्ये आवारपूर येथे लार्सन अँड टुब्रो कंपनीचा कारखाना सुरू झाला, त्या सुमारास देशात पूर्वतापक मनोरा असलेल्या कोरड्या पद्धतीच्या मोठ्या भट्ट्या येऊ लागल्या होत्या. या भट्ट्या केवळ डोळ्यांच्या अंदाजावर चालविणे शक्य नव्हते. तापयुग्मे, वायुविश्लेषक व दाबमापक यांचे संकेत तारांनी एका खोलीत आणले गेले. याच काळाच्या थोडे आधी, १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, डेन्मार्कमधील एफ. एल. स्मिथ कंपनीच्या अभियंत्यांनी भट्टीचालकांचे ठोकताळे ‘तापमान थोडे उतरले व प्राणवायू पुरेसा असला, तर कोळसा किंचित वाढवा’ अशा नियमांत बांधून ते संगणकाकडून पाळून घेण्याचा प्रयोग यशस्वी केला होता. भट्टीचालकाचे ज्ञान नाहीसे न होता ते यंत्रात गेले, असे यासंबंधी म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. नियम यंत्रात गेले, पण नियम कोठे लागू पडत नाही हे ओळखण्याची नजर माणसाकडेच राहिली आणि काचेतून पाहण्याची सवय सुटल्यावर ती पुढच्या पिढीत तयार होणे अवघड झाले.

कागद कारखान्यात हाच पालट अधिक सूक्ष्म आहे. पूर्वी गुंडाळी पूर्ण झाल्यावर तिचा तुकडा प्रयोगशाळेत नेऊन दर चौ. मीटरचे वजन व आर्द्रता पाहत. दोष कळेपर्यंत तोच दोष असलेला बराच कागद तयार होऊन जाई. आता धावत्या कागदावर आडवे फिरणारे शीर्ष बीटा किरणांच्या शोषणावरून वजन व अवरक्त किरणांवरून आर्द्रता मोजते आणि लगद्याचा प्रवाह तेथल्या तेथे सुधारता येतो.

वीजनिर्मितीच्या क्षेत्रात मापनाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा झाला. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आरंभीचे चार संच प्रत्येकी २१० मेवॉ. क्षमतेचे व नंतरचे पाच प्रत्येकी ५०० मेवॉ. क्षमतेचे असून, शेवटचे दोन २०१६ मध्ये कार्यान्वित झाले. सर्वांत जुने दोन संच बंद केल्यानंतर केंद्राची क्षमता २,९२० मेवॉ. झाली. अशा केंद्राची कामगिरी दीर्घकाळ एकाच आकड्यावरून जोखली जाई. तो म्हणजे संयंत्र भार गुणक. कामगारांपासून अभियंत्यांपर्यंत सर्व जण त्यास पीएलएफ म्हणतात. २१० मेवॉ.चा संच दिवसभर पूर्ण भाराने चालला, तर ५०·४ लाख युनिट वीज होते; प्रत्यक्षात ३७·८ लाख झाली, तर गुणक ७५ टक्के. आकडा समजण्यास सोपा, पण निवाडा देण्यास अपुरा. कोळसा ओला आला, इरई धरणातील पाणी उतरले किंवा मागणीच नसली, तरी तो घसरतो आणि यांतील दोष कोणाचा हे तो सांगत नाही. उलट मागणी नसताना वीज लोटून गुणक वाढविण्याचा मोहही त्यामुळे होई.

जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरपद्धती लागू झाली, तेव्हा हा दोष मोठ्या प्रमाणात दूर झाला. या पद्धतीत दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात. केंद्राने प्रत्येक भागासाठी आपली तयारी आधी जाहीर करावयाची, भार प्रेषण केंद्राने वेळापत्रक द्यावयाचे आणि त्यापासून किती ढळले याचा हिशेब जाळ्याची वारंवारता पाहून करावयाचा. हे हाताच्या नोंदीने शक्य नाही. त्यासाठी प्रत्येक जोडणीवर काळाची नोंद ठेवणारे मीटर व ते वाचणारे संगणक आवश्यक होतात. मीटर अधिक बोलका झाला म्हणून दरपद्धती बदलली असे मात्र नाही. दरपद्धतीस गरज भासली म्हणून तसे मीटर बसविले गेले. जोडलेल्या उपकरणांच्या इतिहासात हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण उपकरण विकणारे तो नेहमी उलटा सांगतात.

केंद्रातील आतल्या मापनाचा कणा म्हणजे उष्मा दर, अर्थात एक युनिट विजेसाठी लागलेली उष्णता. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. तेव्हा उष्मा दर २,४५० असल्यास कार्यक्षमता सु. ३५ टक्के होते. आधुनिक संचांत बाष्पाचे तापमान, संघनकातील निर्वात स्थिती, धूरवायूतील प्राणवायू इ. राशी सतत मोजून हा दर व त्यातील प्रत्येक तूट नियंत्रण कक्षात दाखविता येते. एवढे असूनही एक राशी अंधुकच राहते व ती नेमकी सर्वांत महाग आहे : जळणाऱ्या कोळशातील उष्णता.

कोळशाची प्रत : १९७३ मध्ये अकोककारी कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले व १९७५ पासून या भागातील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स लि. या कंपनीकडे आल्या. दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी यांसारख्या खाणी वीज केंद्राच्या जवळच आहेत. तरीही खाणीच्या काट्यावरील व केंद्राच्या आवारातील आकडा यांत अंतर पडते आणि त्याची कारणे चोरी व भेसळ यांपुरती मर्यादित नाहीत. पूर्वी कोळशाची प्रत उपयुक्त उष्मामूल्यावरून ठरे. राख व आर्द्रता यांच्या टक्केवारीच्या बेरजेस १३८ ने गुणून तो गुणाकार ८,९०० मधून वजा केला की हे मूल्य मिळे. म्हणजे उष्णता मोजली जात नसून सूत्राने काढली जात होती व सर्व कोळसा सात प्रतींत बसविला जात होता. जानेवारी २०१२ पासून एकूण उष्मांकावर आधारलेल्या सतरा प्रती आल्या. पहिली वगळता प्रत्येकीचा पट्टा ३०० किलोकॅलरींचा आहे. मापन अधिक काटेकोर झाले, पण तंटे वाढले. देयक ठरविताना कोळसा ठराविक तापमानाच्या व आर्द्रतेच्या हवेत समतोल पावला आहे असे धरतात. बाष्पित्रात मात्र तो येतो तसाच, पावसाचे व खाणीतले पाणी घेऊन जातो. उदाहरणादाखल, समतोल आर्द्रता ८ टक्के व उष्मांक ५,००० असलेल्या कोळशात प्रत्यक्ष पाणी १४ टक्के असेल, तर हाती येणारा उष्मांक सु. ४,६७४ होतो. कोणीही काहीही लपविलेले नसताना प्रत एका पायरीने उतरते, आठव्या प्रतीचा कोळसा नवव्या प्रतीचा ठरतो.

यावर तोडगा म्हणून २०१५ नंतर केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेसारख्या त्रयस्थ संस्थांकडून नमुने घेण्याची पद्धत आली. ट्रकांवर उपग्रहाधारित स्थाननिदर्शक बसविणे, ठरलेला मार्ग सोडल्यास सूचना देणे, ओळखपट्टी वाचून काटाघराचा अडसर उघडणे इ. योजना कोळसा कंपन्यांनी केल्या. वजनाच्या व वाटेतील गळतीच्या बाबतीत त्यांचा उपयोग निश्चितच आहे. परंतु हजारो टनांच्या ढिगातून काही किलोग्रॅमचा नमुना कोठून उचलावयाचा, हे अजून फावडे धरणाऱ्या हातावर किंवा नमुनायंत्राच्या जागेवर अवलंबून आहे. चुकीच्या नमुन्याचा आकडा चार दशांशस्थळांपर्यंत संगणकावर गेला, तरी तो चुकीचाच राहतो.

यंत्रे परस्परांशी जोडण्याची तांत्रिक पूर्वपीठिका बाहेरची आहे. कार्यक्रमक्षम नियंत्रक १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील मोटार उद्योगात आला, विभाजित नियंत्रण प्रणाली १९७५ मध्ये, तर ‘इंडस्ट्री ४·०’ हा शब्दप्रयोग २०११ मध्ये जर्मनीतील हानोव्हरच्या प्रदर्शनात रूढ झाला. जपानी देखभालपद्धतीतून आलेला यंत्रांच्या एकूण परिणामकारकतेचा गुणक (उपलब्धता, गती व गुणवत्ता या तिहींचा गुणाकार) आता सर्वत्र वापरतात. तिन्ही घटक ९० टक्के असले, तरी तो ७३ टक्क्यांच्या आतच भरतो. प्रत्येक विभाग आपापल्या जागी समाधानी असताना कारखाना असमाधानकारक का, याचे उत्तर त्यातून मिळते.

चंद्रपूरच्या कारखान्यांवर कायद्याचा परिणाम या शब्दप्रयोगापेक्षा जास्त झाला. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ऊर्जा बचतीच्या राष्ट्रीय योजनेच्या पहिल्या फेरीत आठ उद्योगांतील ४७८ घटकांना दर टन वा दर युनिट उत्पादनास लागणाऱ्या ऊर्जेचे लक्ष्य दिले गेले. औष्णिक वीज, सिमेंट, लोखंड-पोलाद व कागद हे या जिल्ह्याचे चारही प्रमुख उद्योग त्या आठांत होते. २००९ च्या राष्ट्रीय प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३·८८ गुण मिळून ते देशात चौथे आले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक अशा सतरा उद्योगगटांना धुराड्यावर व सांडपाण्यावर अखंड मापक बसवून त्यांची विदा थेट मंडळाकडे पाठविण्यास सांगितले. कारखान्याच्या भिंतीबाहेर आपोआप जाणारा हा पहिलाच आकडा होय. तथापि मापकाचे अंशन, म्हणजे तो खरे दाखवितो की नाही याची तपासणी, वेळच्या वेळी न झाल्यास अखंड नोंद ही अखंड चूकही ठरू शकते. धुराड्याखाली राहणाऱ्या माणसाला तो आकडा कितपत समजेल अशा रूपात दाखविला जातो, हाही प्रश्न उरतोच.

गडचिरोलीत उद्योग उशिरा आला आणि मधल्या अवस्था न ओलांडता आला. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स कंपनीस २००७ मध्ये मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथे अनेक वाहने जाळली. नियमित उत्खनन २०२१ नंतरच सुरू झाले. चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथील लोहप्रकल्पाची पायाभरणी २०१७ मध्ये झाली. हेडरी येथे दळलेले खनिज पाण्यात मिसळून सु. ८५ किमी. लांबीच्या नळाने कोनसरीस नेण्याची व्यवस्था २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. अशा नळातील मिश्रणाचा वेग फार उतरल्यास खनिज तळाशी बसून नळ तुंबतो व फार वाढल्यास नळ आतून झिजतो. म्हणून घनता, दाब व प्रवाह यांचे मापन वाटेत ठिकठिकाणी अखंड करावे लागते. दोन टोकांच्या प्रवाहांतील फरकावरून गळतीची सूचना मिळते. रस्त्यावरून जाणाऱ्या खनिजाच्या ट्रकांचा त्रास आष्टी–आलापल्ली भागातील लोकांनी वर्षानुवर्षे सोसला, त्यांच्या दृष्टीने नळ हा दिलासा आहे. ट्रकवर उपजीविका असणाऱ्यांच्या दृष्टीने तो तसा नाही.

याच तालुक्यांत उन्हाळ्यात तेंदूपाने गोळा होतात. सत्तर पानांचा एक पुडा व हजार पुड्यांचे एक प्रमाण पोते, असा तेथील हिशेब आहे. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मांडून मोजतात. संख्या मजुराच्या कार्डावर व मुनशीच्या वहीत अशी दोन ठिकाणी लिहिली जाते आणि दोन्ही जुळल्यानंतरच मोजणी पुरी झाली असे समजतात.