आईकडे

नवरात्राचे दिवस. मी सात-आठ वर्षांची असेन. पवईच्या आयआयटीच्या फाटकाशी रखवालदारानं आजीला अडवलं, "कुणाकडे जायचंय?"

पदराखालची ओटीची पिशवी सावरत आजी म्हणाली, "आईकडे."

आई कुठल्या क्वार्टरमध्ये राहते, हे त्यानं फार आदरानं विचारलं. आजीनं तलावाकडे हात केला. "पद्मावतीकडे रे बाबा." त्यानं लगेच वाट दिली.

पद्मावतीचं देऊळ तलावाकाठी आहे. १९५८मध्ये आयआयटी आली आणि देवी तिच्या आवारात राहिली. पवई हे नाव तिच्यावरूनच पडलं, असं जुनी माणसं सांगत. तलाव १८९१चा, मुंबईला पाणी हवं म्हणून इंग्रजांनी बांधलेला. "तळं साहेबाचं, आई त्याच्या आधीची," असं आजी ठासून सांगायची.

आजीची स्वतःची आई १९१८च्या मानमोडीत गेली. इन्फ्लुएन्झाची ती साथ. तापानं फणफणलेली आई तिसऱ्या दिवशी उठलीच नाही. आजी तेव्हा सहा वर्षांची. घरच्यांनी तिला देवीपुढे नेऊन उभं केलं, "आता हीच तुझी आई." आजी रुसली. ही बोलत नाही, वेणी घालत नाही, कसली आई!

"मग कधी पटलं गं?" मी विचारायची.

"पटलं कुठलं! जात राहिले."

आईच्या दोन लुगड्यांची एक गोधडी तिच्याकडे होती. एका कोपऱ्यात हिरव्या काठाचा तुकडा. त्यावरून बोट फिरवत ती मला जनाबाईची गोष्ट सांगायची. गंगाखेडची पोर, लहानपणीच आईला मुकलेली, पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबणारी. पहाटे तिच्याबरोबर जात्यावर विठ्ठल बसायचा. एकदा काकड्याची वेळ झाली, देव गडबडीनं उठला. शेला, पदक राहिलं तिच्यापाशी, अंगावर आली तिची गोधडी. जनीवर चोरीचा आळ आला, सुळाची शिक्षा झाली, आणि सुळाचं पाणी झालं.

मी विचारलं, देवाला कुठं थंडी वाजते?

आजी म्हणाली, "तिच्या आईच्या लुगड्याची असेल."

ही गोष्ट रचणाऱ्यांचं मला फार मोल वाटतं. देवानं जनीला वाडा दिला, असं त्यांनी सांगितलं नाही; त्याला जात्याशी बसवलं, बाईच्या पहाटेच्या कष्टांत. म्हणून तर तो विठाई. १८९५मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळकही ख्रिस्ताला माउलीच म्हणाले. त्यांनाही त्याहून जवळचा शब्द सापडला नसावा. पण आजीचा हिशोब आणखी पुढचा होता. "आई दमते, निजते, मरते. माझी मेली. तिला जायचं नव्हतं गं. जी जात नाही, तिच्याकडे ती मला ठेवून गेली."

आजी गेली त्या वर्षी ओटी घेऊन मी एकटीच निघाले. फाटकाशी नवा रखवालदार होता. "कुणाकडे?"

मी म्हणाले, "आजीच्या आईकडे."