सिम्युलेशनमुळे इंजिनीअरिंग शिकणाऱ्यांचा विचार कसा बदलतो?

रावेर-यावलच्या केळीच्या बागेत ठिबक बसवायचं आहे. मुख्य पाइपचा व्यास निम्मा केला आणि पाणी तेवढंच सोडलं, तर घर्षणामुळे होणारी दाबातली घट किती वाढेल? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे दुप्पट. पण पाइपांसाठी वापरलं जाणारं हेझन-विल्यम्स सूत्र सांगतं, सुमारे २९ पट! जळगाव-धुळ्यात इंजिनीअरिंग शिकणाऱ्यांना हा फरक संगणकावर काही सेकंदांत दिसू शकतो.

सिम्युलेशन म्हणजे काय?

एखाद्या वस्तूचे नियम गणिताच्या रूपात संगणकात घालून ती कशी वागेल ते पाहणं. पाइपांच्या जाळ्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं ‘एपानेट’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. केंद्र सरकारच्या योजनेतून आयआयटी मुंबईसह अनेक संस्थांनी ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ही उभारल्या आहेत.

विचारात काय बदलतं?

पाठ केलेलं सूत्र कारण आणि परिणाम म्हणून दिसू लागतं. ‘पाइप मोठा घेतला तर?’, ‘शेवटच्या झाडापर्यंत दाब टिकेल का?’ असे प्रश्न विद्यार्थी स्वतः विचारून पाहू शकतो. पाइप न कापता, मोटर न जाळता हव्या तितक्या चुका करता येतात.

मग धोका कुठे?

पडद्यावरचं रंगीत चित्र खरं वाटू लागतं. विहिरीच्या पाण्यातला गाळ आणि क्षार यांनी ड्रिपर तुंबतात. ही गोष्ट मॉडेलमध्ये घातलीच नसेल, तर संगणक प्रत्येक झाडाला भरपूर पाणी मिळतंय असंच दाखवणार.

अनुभवी इंजिनीअरही यात फसतात. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत ‘स्लाइप्नर-ए’ या समुद्री प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीदरम्यान बुडाला. संगणकीय विश्लेषणात काही भिंतींवरचा कातरताण सुमारे ४७ टक्के कमी धरला गेला होता. अपघातानंतर केलेल्या तपशीलवार गणिताने मात्र पाया साधारण कुठल्या खोलीवर फुटेल हे जवळपास अचूक दाखवलं.

योग्य वापर कसा करावा?

- बटण दाबण्याआधी आपला अंदाज वहीत लिहा.
- उत्तर वेगळं आलं तर कारण शोधा.
- एखादा भाग कागदावर सोडवून ताडून पाहा.
- मॉडेलमध्ये काय धरलेलं नाही, याची यादी करा.
- शक्य असेल तर शेतात जाऊन प्रेशर गेजने दाब मोजा.

अंदाज न बांधता नुसतं बटण दाबलं, तर सॉफ्टवेअर शिकून होतं. इंजिनीअरिंग मात्र राहून जातं.