आगोटीची खरेदी : साष्टी बेटाचे मीठ, बोंबील आणि मसाला

मे महिन्याच्या अखेरीस अंधेरीजवळच्या मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात एकदा फेरी मारून पाहावी. बोंबील, सोडे, जवळा, वाकट्या यांचे ढीग लागलेले असतात आणि गिऱ्हाइके पावशेर-अर्धा किलो नव्हे, तर पिशव्या भरभरून माल नेत असतात. पावसाळ्याचे चार महिने पुरेल अशी ही बेगमी. किनाऱ्यावरचे लोक तिला 'आगोट' म्हणतात. घरात फ्रीज आला, बारमाही दुकाने आली, तरी आगोट टिकून आहे. तिची मुळे शोधायला निघालो की आपण एका बेटाच्या इतिहासात जाऊन पोहोचतो.

ते बेट म्हणजे साष्टी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे बेटावर वसलेली आहेत, असे सांगितले तर तेथल्या विद्यार्थ्यांनाही पटकन खरे वाटत नाही. पण नकाशा पाहावा. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी. सहासष्ट गावांवरून साष्टी हे नाव पडले, असे मानतात. १५३४ च्या तहाने हे बेट पोर्तुगिजांकडे गेले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेतले आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. मुंबई बेटाला ते पक्क्या रस्त्याने जोडले गेले १८०३ मध्ये, शीवच्या बांधामुळे. माहीम ते वांद्रे हा रस्ता लेडी जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८४५ साली झाला. त्यापूर्वी तेथे होडीनेच खाडी ओलांडावी लागे.

बेटावरच्या माणसाला एक प्रश्न कायम सोडवावा लागतो. समुद्र खवळला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की खायचे काय? भूमध्य समुद्रातल्या बेटांवर आज प्रवासी हौसेने ज्या वस्तू विकत घेतात, त्या पाहा : सिसिलीतल्या त्रापानीचे मीठ, सार्डिनियातली खारवून वाळवलेली गाबोळी, पांतेल्लेरियाच्या मिठात मुरवलेल्या केपरच्या कळ्या. आज त्यांना 'खासियत' म्हणून किंमत येते. पण मुळात त्या टिकवून ठेवायच्या वस्तू आहेत. साष्टीची खासियतही तशीच. फरक ऋतूंचा. भूमध्य प्रदेशात उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. आपल्याकडे आठ महिने कोरडे आणि उरलेल्या चार महिन्यांत सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस. त्यामुळे जे काही वाळवायचे, ते मृगापूर्वी.

प्रथम मीठ. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग या पट्ट्यात ठाण्याच्या खाडीलगत मैलोगणती मिठागरे होती. आगर पिकवणारे ते आगरी, अशी या समाजाच्या नावाची उपपत्ती सांगितली जाते. मीठ 'पिकवतात' हा शब्दप्रयोगही अचूक आहे, कारण यात शेतीइतकेच कसब लागते. शंभर लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन किलो क्षार असतात आणि त्यांत साधे मीठ पावणेतीन किलोच्या आसपास. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हावाऱ्यात आटवत नेले, की पाणी मूळच्या साधारण एक-पंचमांश उरेपर्यंत जिप्सम खाली बसू लागते. ते आधीच्या वाफ्यांतच सोडून पाणी पुढे न्यायचे. एक-दशांश उरले की साध्या मिठाचे खडे धरू लागतात. पण सगळे पाणी आटू द्यायचे नाही. शेवटच्या कडवट पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते काढून टाकावे लागते. आयन, विद्राव्यता हे शब्द माहीत नसलेल्या आगऱ्यांनी अंशात्मक स्फटिकीकरणाची ही प्रक्रिया पिढ्यान्‌पिढ्या चालवली.

या मिठावर सरकारचा कर होता. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला. त्या सत्याग्रहाची एक मोठी छावणी साष्टीतच, विलेपार्ल्याला होती. कर रद्द झाला १९४७ मध्ये. बाजारात सर्वांत स्वस्त असलेली ही वस्तू एके काळी राजकारणाच्या केंद्रस्थानी होती, कारण तिच्यावाचून गरिबाचे चालत नव्हते.

आता बोंबील. हा मासा पश्चिम किनाऱ्यावर, वेसावे, मढ, गोराई या कोळीवाड्यांतला. खाडीच्या तोंडाशी रोवलेल्या डोल जाळ्यात तो भरतीओहोटीच्या ओढीबरोबर येतो. जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने १६७० च्या दशकात मुंबई पाहिली. त्याने माझगावच्या वर्णनात गरिबांचे अन्न म्हणून बोंबलाचा नावानिशी उल्लेख केला आहे. इंग्रजांनी त्याला 'बॉम्बे डक' म्हटले. टपालगाडीतून, म्हणजे 'डाक'मधून, जायचा म्हणून हे नाव, अशी गोष्ट सांगतात. पण मुंबईत आगगाडी सुरू झाली १८५३ साली, आणि हे नाव इंग्रजी लिखाणात त्याआधीपासून आढळते. गोष्ट चांगली आहे, पण तारखा जुळत नाहीत.

ताजा बोंबील लिबलिबीत असतो, कारण तो बहुतांशी पाणीच असतो. पाणी ८८ टक्के धरले, तर दहा किलो माशात घन भाग फक्त १.२ किलो. १५ टक्के पाणी राहीपर्यंत वाळवला, तर हातात येतात सुमारे १.४ किलो. म्हणजे एक किलो सुक्या बोंबलासाठी सात किलो ताजा मासा. सुक्या बोंबलाचा भाव ऐकून नाक मुरडण्यापूर्वी हे गणित करावे.

एवढे पाणी असलेला मासा कुजण्याआधी वाळायला हवा. त्यासाठी बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात. त्या मांडणीला वलांडी म्हणतात. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगायचे. वारा चोहोबाजूंनी लागतो, वाळू चिकटत नाही आणि पाणी निथळते. मासा सडपातळ असल्याने मीठ न लावताही दोन-तीन दिवसांत सुकतो. जाड मांसाच्या माशाला मात्र मीठ भरावे लागते.

तिसरी वस्तू ईस्ट इंडियन लोकांचा बाटली मसाला. हे साष्टी-वसईचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. नोकरीसाठी बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, हे दाखवण्यासाठी १८८७ मध्ये त्यांनी हे नाव जाणीवपूर्वक घेतले. मसाल्यातली मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगिजांबरोबर आलेली. एप्रिल-मेच्या उन्हात मिरची, हळद, धणे आणि इतर वीस-पंचवीस जिन्नस वाळवायचे, भाजायचे, लाकडी उखळात कांडायचे आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचे. मिरचीचा लाल रंग उजेडाने आणि हवेतल्या ऑक्सिजनने फिका पडतो. गडद काच उजेड अडवते, ठासून भरल्याने हवेला जागा उरत नाही.

या तिन्ही वस्तूंमागे एकच तत्त्व आहे. जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागते. पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा त्यांतले मोकळे किती, हे महत्त्वाचे. वाळवल्याने पाणी निघून जाते. मिठाने उरलेले पाणी जखडले जाते. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या बंद हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. हवा याहून दमट झाली, की मीठ तिच्यातले पाणी ओढू लागते. जुलै-ऑगस्टात मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणून बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, सुक्या मासळीला बुरशी धरते आणि म्हणूनच आगोटीचा माल घट्ट झाकणाच्या डब्यात जातो. खडेमीठ आधी पाझरते, कारण त्यात राहिलेले मॅग्नेशियम क्लोराइड फार कमी आर्द्रतेलाही पाणी ओढते.

शिक्षकांना हा प्रयोग सहज करता येईल. एका बरणीत तळाशी ओले, न विरघळलेले मीठ राहील इतके दाट द्रावण घ्या. वर जाळीवर कुरकुरीत पापडाचा तुकडा ठेवून झाकण लावा. दुसऱ्या कोरड्या बरणीत तसाच तुकडा ठेवा आणि दोन्ही रोज मोडून पाहा. पावसाळ्यात साधे मीठ आणि खडेमीठ दोन वाट्यांत उघडे ठेवून त्यांचे वजनही करता येईल.

आणि मग एक सहल काढावी. मी लहानपणी मुलुंडकडून जाताना मिठाचे पांढरे ढीग मोजत असे. आता त्यांतल्या बऱ्याच आगरांत मीठ पिकत नाही. २०२४ मध्ये मुलुंड-कांजूरमार्ग भागातली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. घरांची गरज खरी आहे. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याला पसरायला सखल मोकळी जागा किती लागते, हे शहराने पाहिले आहे. कोळीवाड्यांतही वलांडीची जागा आक्रसते आहे. आगोटीला जाणारे गिऱ्हाईक अजून आहे. माल कोठून येणार, हा प्रश्न आहे. विद्यार्थ्यांनी बाजारात बोंबील विकणाऱ्या बाईला एवढेच विचारावे : हे कुठे सुकवले? मिळालेली उत्तरे नकाशावर मांडली, की आपल्या बेटाचा आजचा इतिहास आपोआप लिहिला जाईल.